एका संपावर सहा फिश टँक: भोकं, पाइप आणि वीज गेल्यावरचा हिशेब

गप्पीचा_गोतावळा

नमस्कार मंडळी. कोथरूड, तिसरा मजला. लोखंडी रॅक, तीन फळ्या, एका फळीवर दोन असे सहा टँक. प्रत्येक टँक २४ × १२ × १२ इंच, काच ५ मि.मी. फळ्या जमिनीपासून १२, ३४ आणि ५६ इंचांवर. रॅक आणि भिंत यांच्यात ६ इंच जागा आहे. तीन टँकमध्ये गप्पी, एकात प्लॅटी, एकात निऑन टेट्रा, एकात दोन गोल्डफिश. सध्या प्रत्येकाला वेगळा हँगिंग फिल्टर, म्हणजे सहा प्लग, सहा मोटरी आणि दर रविवारी सहा स्पंज पिळणं.

हे सगळं एका संपावर (फिल्टरचा संप, म्हणजे सगळ्या टँकचं पाणी गाळून परत पाठवणारी सामाईक टाकी; सोसायटीचा नव्हे) आणायचं आहे. प्रश्न असे:

१. रॅकखाली १२ इंचच जागा आहे, तिथे संप बसणार नाही. शेजारी भिंतीला लागून ३६ × १५ इंच जागा मोकळी आहे. तिथे ठेवला तर खालच्या फळीवरचं पाणी संपात उतरेल का?
२. काचेला भोक पाडायचं की काठावर लटकणारा ओव्हरफ्लो बॉक्स (जादा पाणी बाहेर नेणारी पेटी) घ्यायचा?
३. पंप किती लिटरचा?
४. वीज गेल्यावर सगळं पाणी खाली येऊन घरभर होतं म्हणतात. खाली लोक राहतात, त्यामुळे हे नक्की कळायला हवं.
५. गप्पीची पिल्लं संपात जाणार नाहीत यासाठी काय?

गुरुवारी पाणी बंद असतं, तेव्हा पाणी बदलायचं वेळापत्रक कसं लावायचं तेही सांगा.

---

पाइपवाले_काका

पहिल्या प्रश्नावर बरेच जण उगाच अडतात. संप टँकच्या तळाखाली असावा लागत नाही. पाणी तळातून निघत नाही, वरच्या काठाजवळून निघतं. त्यामुळे ओव्हरफ्लोचं भोक संपाच्या काठापेक्षा पुरेसं वर असलं की झालं. तुमच्या खालच्या टँकचा काठ जमिनीपासून २४ इंचांवर, भोक साधारण २१ इंचांवर येईल. संप १५ इंच उंच घेतलात आणि खाली प्लाय-थर्मोकोल घातलंत तर त्याचा काठ १६ इंचांवर. पाच इंचांचा उतार मिळतो, तेवढा पुरतो. मात्र आडवा पाइप जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवा.

टँक एकमेकांना माळेसारखे जोडू नका. वरच्याचं पाणी मधल्यात, मधल्याचं खालच्यात अशी रचना दिसायला सोपी असते, पण खालच्या माशांना दोन टँकची घाण आयती मिळते आणि मधलं एक भोक तुंबलं की सगळी साखळी थांबते. प्रत्येक टँकला पंपाकडून आपली स्वतंत्र तोटी आणि संपाकडे आपला स्वतंत्र निचरा हवा.

निचरा: प्रत्येक टँकला १ इंची टँक कनेक्टर (काचेच्या भोकात बसणारा पाइपचा जोड). रॅकच्या मागे दोन्ही रांगांच्या मधोमध २ इंची यूपीव्हीसीचा उभा पाइप, त्यात सहा टी. उभ्या पाइपचं वरचं तोंड सगळ्यात वरच्या टँकच्या काठाहून वर काढा आणि बंद करू नका, नुसती सैल टोपी ठेवा. तिथून हवा आत गेली नाही की पाणी घुटक्याघुटक्याने उतरतं आणि रात्रभर बाथरूमचा आवाज ऐकावा लागतो. आडव्या भागाला फुटाला पाव इंच उतार द्या. निचऱ्याच्या पाइपवर व्हॉल्व्ह कुठेही लावायचा नाही. प्रवाह कमी-जास्त करायचा तो पंपाच्या बाजूने.

पुरवठा: पंपापासून १ इंची पाइप, त्यातून प्रत्येक टँकला अर्धा इंची फाटा आणि त्यावर बॉल व्हॉल्व्ह. पंपाला लागून युनियन (खोलता येणारा जोड) घालाच, नाहीतर पंप धुवायला पाइप कापावा लागेल. सगळं फिटिंग बोहरी आळीत एका फेरीत मिळतं, फक्त टँक कनेक्टर सहाच्या सहा एकाच बनावटीचे घ्या. आट्यांचा व्यास कंपनीगणिक बदलतो आणि तुमचं भोक एकाच मापाचं असणार आहे.

पंप: २४ × १२ × १२ चा टँक कागदावर ५६ लिटरचा, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा करून ५० धरा. सहांचे ३०० आणि संपातले ७०, एकूण ३७०. तासाला पाच फेऱ्या म्हणजे साधारण १८५० लिटर. पण हे पाणी वर पोचल्यावर मोजायचं. संपातल्या पातळीपासून सर्वांत वरच्या तोटीपर्यंत ५८ इंच, म्हणजे दीड मीटरला थोडं कमी. एल्बो आणि टी यांचं घर्षण धरून १.८ मीटर समजा. खोक्यावरचा ‘४००० लिटर प्रति तास’ हा आकडा शून्य उंचीवरचा असतो. कमाल उंची ३.५ मीटर असलेला ४००० चा पंप १.८ मीटरवर साधारण निम्मं पाणी देतो, तेवढंच तुम्हाला हवं आहे. २००० चा घेतलात तर वरच्या फळीवर थेंब थेंब पडत राहील.

व्हॉल्व्ह जुळवणं: वरचे टँक पंपापासून उंच, म्हणून सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवले की पाणी खालच्या दोन टँकमध्येच पळतं. एक लिटरचं मापटं घ्या. प्रत्येक टँकला तासाला ३०० लिटर हवं, म्हणजे मापटं १२ सेकंदांत भरलं पाहिजे. खालच्या फळीपासून आवळत वर जा. एक आवळला की बाकीच्यांचा जोर वाढतो, म्हणून सगळी फेरी दोनदा-तीनदा करावी लागते. मग प्रत्येक व्हॉल्व्हच्या मुठीवर मार्करने खूण करा.

आता वीज. तुमचा खरा प्रश्न हाच.

पंप थांबला की पुरवठ्याचा पाइप उलटा सायफन होतो. तोटीचं तोंड पाण्यात जितकं खोल, तितकं पाणी परत येतं. तुमच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे ४.७ लिटर. तोटी ३ इंच बुडालेली असेल तर सहा टँकचं मिळून ८५ लिटर. ३६ × १५ इंचांच्या संपात एक इंच म्हणजे ८.८ लिटर. संपातलं पाणी ९ इंचांवर ठेवलंत आणि काठाखाली १ इंच सोडलात तर मोकळी जागा ५ इंच, म्हणजे ४४ लिटर. उरलेले ४१ लिटर खालच्या मजल्याचे.

उपाय फुकटचा आहे. प्रत्येक तोटीला पाण्याच्या पातळीखाली जेमतेम पाव इंचावर ४ मि.मी.चं भोक पाडा. पातळी तिथे आली की पाइपमध्ये हवा शिरते आणि सायफन तुटतो. मग प्रत्येक टँकमधून फार तर पाऊण इंच उतरेल, म्हणजे सगळे मिळून २१ लिटर, अधिक पाइपमधले तीनेक. आरामात मावतं. या भोकात शेवाळ बसतं, महिन्यातून एकदा टूथपिक फिरवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. त्याच्या झडपेत गोगलगाईचं एक अंडं अडकलं तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि हे कळतं ते नेमकं वीज गेल्यावर.

दुसरा पूर उलट दिशेचा, आणि त्याचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. एका टँकचं निचऱ्याचं तोंड पानाने किंवा माशाने बंद झालं तर पंप त्यात मिनिटाला ५ लिटर ओततच राहतो. काठापर्यंत दीड इंच जागा असेल तर ७ लिटर मावतील, दीड मिनिटात खेळ खलास. त्यानंतर संपाचा पंपाचा कप्पा रिकामा होईपर्यंत सगळं जमिनीवर. पंपाचा कप्पा १० × १५ इंचांचा असेल तर त्यातला एक इंच म्हणजे २.५ लिटर. तेव्हा त्यात फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा, पातळीनुसार चालू-बंद होणारा) असा लावा की पातळी अडीच इंच उतरली की पंप बंद. अडीच इंच म्हणजे ६ लिटर, टँकमध्ये जागा ७ ची. पंप कोरडा पडण्यापासूनही हाच स्विच वाचवतो. २३० व्होल्ट थेट फ्लोटमधून नेऊ नका, मध्ये १२ व्होल्टचा रिले घाला.

या युक्तीची किंमतही आहे. संपवाल्या रचनेत बाष्पीभवन टँकमध्ये दिसत नाही, सगळी घट पंपाच्या कप्प्यातच दिसते. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ३ लिटर उडाले तर तिथली पातळी रोज सव्वा इंच खाली. दोन दिवस पाणी घातलं नाही की स्विच पंप बंद करेल आणि तुम्ही पंप बिघडला म्हणून खोलून बसाल. टँकना झाकणं लावा आणि रोज सकाळी खुणेपर्यंत भर घाला.

संपाची आतली रचना थोडक्यात: पहिल्या कप्प्यात २०० मायक्रॉनच्या दोन फिल्टर पिशव्या, चार-पाच दिवसांनी पालथ्या करून धुवायच्या. दुसऱ्यात जाड स्पंज, मग बारीक स्पंज, मग १० लिटर के-वन (जिवाणू वाढायला घालतात त्या प्लॅस्टिकच्या चकत्या) किंवा सिरॅमिक रिंग. तिसऱ्यात पंप. कप्प्यांमधल्या काचा ९ इंच उंच. पिशवी तुंबली तर पाणी तिच्या काठावरून पुढच्या कप्प्यात पडावं, संपाबाहेर नव्हे, इतकी ती खाली बसवा.

---

स्पंजपंथी

काकांचं प्लंबिंग चोख आहे, वाद नाही. पण तुम्हाला नक्की काय सामाईक करायचं आहे, पाणी की कष्ट?

पाणी सामाईक म्हणजे रोगही सामाईक. व्हाइट स्पॉटचा परजीवी माशावरून गळून तळाशी जातो, तिथे विभागतो आणि त्यातून शेकडो पोहणारी पिल्लं निघतात. त्यांना एक-दोन दिवसांत नवा मासा मिळाला नाही तर ती मरतात. वेगळ्या टँकमध्ये त्यांना तेच चार मासे. संपावर त्यांना सहा टँकचं मैदान. यूव्ही लावला तर त्याच्यातून जाणारे मरतात, टँकमध्येच फिरणारे नाही. गप्पीत कॅमॅलॅनस नावाची आतड्यातली लाल कृमी सर्रास दिसते, शेपटीकडून लाल दोरे लोंबतात. तिची पिल्लं पाण्यातून पसरतात. एका टँकमध्ये दिसली की सहाही टँकना औषध.

आणि औषध ५० लिटरच्या नव्हे, ३७० लिटरच्या हिशेबाने. मिथिलीन ब्ल्यू किंवा अँटिबायोटिक संपात गेलं की तिथले नायट्रीकरण करणारे (माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे) जिवाणू आधी मार खातात. मग रोगाने नाही तर अमोनियाने मासे जातात. तांब्याचं औषध गोगलगाई आणि झिंग्यांना मारतं, शिवाय स्पंज-सिरॅमिकमध्ये मुरून राहतं.

दुसरं, तुमचे मासे एका पाण्याचे नाहीत. गोल्डफिश या साखळीत नकोच. दोन गोल्डफिश उरलेल्या पाच टँकच्या बरोबरीची घाण करतील, त्यांना २४ इंची टँकही अपुरा आहे आणि गप्पी-निऑनला हिवाळ्यात हीटर लागतो तो त्यांना नको. गप्पी आणि प्लॅटीला थोडं जड पाणी मानवतं, निऑनला हलकं. मध्यम पाण्यात तिघंही राहतात, पण निऑनची पैदास करायची असेल तर तो टँक वेगळा ठेवा.

मी हवा सामाईक करा म्हणेन. एक लिनियर पिस्टन एअर पंप, मिनिटाला २० लिटरचा. त्याला पाऊण इंची पीव्हीसीचं कडं, रॅकभोवती फिरून पुन्हा स्वतःला मिळणारं. कड्यामुळे सगळ्या तोट्यांवर दाब सारखा राहतो, सरळ पाइपच्या टोकाला तो पडतो. कड्याला सहा पितळी व्हॉल्व्ह, प्रत्येकावर एक स्पंज फिल्टर. एका स्पंजला मिनिटाला दोन लिटर हवा भरपूर होते, म्हणजे सहांना १२. उरलेली हवा सोडायला सातवा व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवा. हवा कोंडली की पंप तापतो आणि पिस्टन लवकर झिजतो. पंप पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर पाणी नळीतून त्याच्यात उतरत नाही. भिंतीला टेकवू नका, घरघर शेजाऱ्यांपर्यंत जाते. खाली जाड रबर.

स्पंज पिळणं सुटत नाही, हे खरं. पण सहा स्पंज म्हणजे एका बादलीत दहा मिनिटं, तेही पंधरवड्यातून एकदा. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचे, नळाखाली नव्हे. पिल्लांचा प्रश्न तर राहतच नाही. ती स्पंजावरचे जीव खाऊन वाढतात.

विजेचाही गैरसमज काढून टाका. काकांचा पंप ४५ वॉटचा धरला तर महिन्याला ३२ युनिट. तुमचे सहा हँगिंग फिल्टर ५ वॉटचे असतील तर आत्ता साडेएकवीस. संपाने बिल कमी होत नाही, वाढतं. एअर पंप पंधरा-वीस वॉटमध्ये भागवतो.

---

गप्पीचा_गोतावळा

दोघांचे आभार. रोगाचा मुद्दा पटला. गोल्डफिश बाहेर काढतो, निऑनसुद्धा वेगळे ठेवतो. मग गप्पीचे तीन आणि प्लॅटीचा एक असे चार टँक संपावर, असं केलं तर? दर आठवड्याला सहा ठिकाणी पाणी बदलणं जड जातं. संप हवा आहे तो मुख्यतः त्यासाठी.

---

पाइपवाले_काका

चारांवर करा. पाणी बदलणं हे संपाचं सगळ्यात मोठं सुख आहे, नळी एकाच ठिकाणी टाकायची. चार टँकचे २०० आणि संपातले ७०, तेव्हा पंप तासाला १३५० लिटर वर पोचवणारा हवा, खोक्यावर ३००० च्या आसपास. बाकी मापं तीच ठेवा, कमी टँकमुळे वीज गेल्यावर संपात परत येणारं पाणी आपोआप कमी होतं.

स्पंजपंथींचं एक ऐकाच. चारही टँकमध्ये एक-एक छोटा स्पंज फिल्टर आधीपासून चालू ठेवा. एखादा टँक आजारी दिसला की त्याचा बॉल व्हॉल्व्ह बंद. पाणी येणं थांबलं की ओव्हरफ्लोही थांबतो आणि तो टँक त्या क्षणी वेगळा होतो. स्पंजात जिवाणू असल्यामुळे फिल्टर नसल्याची अडचण येत नाही आणि औषध ५० लिटरलाच. रोग तोपर्यंत पसरला असेल तर मात्र याचा उपयोग नाही. म्हणून नवा मासा चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये, जाळी आणि बादलीही वेगळी.

पिल्लांसाठी निचऱ्याच्या तोंडावर जाड स्पंज बसवा, मुठीएवढा. अगदी लहान तुकडा लावलात तर दोन दिवसांत तुंबेल आणि वर सांगितलेला दुसरा पूर येईल. दर आठवड्याला पिळा. तरी काही पिल्लं संपात पोचतातच. पंपाच्या तोंडावरही स्पंज ठेवा, म्हणजे ती तिथे वाढतील, कापली जाणार नाहीत.

---

काच_कोपरा

भोकाबद्दल कुणी नीट लिहिलेलं नाही म्हणून.

लटकणारा ओव्हरफ्लो बॉक्स सायफनवर चालतो. त्याच्या वाकड्या नळीत हवेचे बुडबुडे साठत जातात, एक दिवस सायफन तुटतो आणि पंप मात्र चालूच असतो. एका टँकला असा धोका कुणी पत्करेल, चार टँकना नको. भोकच पाडा.

आधी काच साधी आहे की टफन्ड ते बघा. टफन्ड काचेला भोक पडत नाही, तिचा एका क्षणात चुरा होतो. तपासणी: लॅपटॉपवर पांढरा पडदा उघडा, काच त्याच्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून बघा. काळसर ठिपके-पट्टे दिसले तर टफन्ड. इथे बनवून घेतलेल्या ५ मि.मी.च्या टँकची काच बहुतेक वेळा साधीच असते, पण तपासल्याशिवाय ड्रिल लावू नका. टँक एवीतेवी नवे करणार असाल तर मागच्या काचेला दुकानातच भोक पाडून घ्या आणि मग जोडायला सांगा.

कनेक्टर आधी विकत घ्या, आट्यांचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्याहून १-२ मि.मी. मोठा डायमंड होल सॉ आणा. ४५ मि.मी.चा आला असं धरू. भोकाची कड काचेच्या कडेपासून किमान भोकाच्या व्यासाइतकी लांब हवी, म्हणजे ४५ मि.मी. त्यात त्रिज्या मिळवली की भोकाचा मध्य काठाखाली ६७ मि.मी.वर, पावणेतीन इंचांच्या आसपास. पाण्याची पातळी एवढी खाली नको असेल तर आतून कनेक्टरला एल्बो लावून त्याचं तोंड वर वळवा. एल्बो फिरवून पातळी हवी तिथे आणता येते, काठाखाली दीड इंच ठेवा. तो चिकटवू नका, नुसता दाबून बसवा. साफ करायला काढता येतो.

टँक रिकामा, कोरडा, मागची काच वर येईल असा आडवा जाड फोमवर. भोकाच्या जागी दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप. वरच्या बाजूला पुट्टीची किंवा मुलांच्या क्लेची गोल पाळ करून आत पाणी भरा. प्लायच्या तुकड्याला त्याच सॉने भोक पाडून तो साचा म्हणून पक्का धरा, नाहीतर सॉ सुरुवातीला काचेवर नाचतो. ड्रिलचा हॅमर बंद, वेग ५००-६०० फेऱ्यांच्या वर नको. जोर लावायचा नाही, ड्रिलच्या वजनानेच कापू द्या. पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते बदलत राहा. ५ मि.मी.ला पाच-सात मिनिटं लागतात. शेवटचा मिलिमीटर आला की आवाज बदलतो. तिथे हात जवळजवळ उचलून धरा. काच तडकते ती इथेच, आणि तडकते ती घाईमुळे. चष्मा घाला. भोकाची धार ओल्या पॉलिश पेपरने मारा.

रबर वॉशर कनेक्टरच्या कॉलरच्या बाजूला, काचेला टेकून. तिथे टेफ्लॉन टेप नको, सिलिकॉन नको. नट हाताने घट्ट आणि वर पाव फेरा. पाना घेऊन आवळलात तर काच तडकेल, कदाचित लगेच नाही, पाणी भरल्यावर.

---

मीटर_मापे

पाण्याचं आणि वजनाचं.

खडकवासल्याचं पाणी हलकं आहे. पिताना गोड लागतं, पण फिल्टरला त्यात आधार कमी. नायट्रीकरणाने ॲसिड तयार होतं आणि ते पाण्यातला केएच (पीएच घसरू न देणारा कार्बोनेटचा साठा) खात जातं. वेगळ्या टँकमध्ये एखाद्याचा पीएच घसरला तर एकच टँक जातो. संपावर सगळ्यांचा एकत्र घसरतो, आणि ६ च्या आसपास आला की जिवाणूही मंदावतात, मग अमोनिया साचतो. दर आठवड्याला केएच मोजा, ४ च्या खाली जाऊ देऊ नका. खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच १ अंशाने वाढतो. तुमच्या २७० लिटरला २ अंश वाढवायला १६ ग्रॅम. एका दमात नाही, दोन दिवसांत विभागून, पाण्यात विरघळवून संपात. शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी संपात ठेवली तर हे काम हळूहळू आपोआप होत राहतं, गप्पी-प्लॅटीला ते मानवतंही. सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर सगळं गणित उलटं. आधी मोजा.

गुरुवारी पाणी बंद, आणि महापालिकेच्या सूचनेत पुढचं वाक्य ठरलेलं असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. हे शुक्रवारचं पहिलं पाणी कधी गढूळ असतं, टँकला घेऊ नका. १०० लिटरचा ड्रम मंगळवारी भरा, त्यात एअर स्टोन सोडून चोवीस तास चालू ठेवा म्हणजे क्लोरीन उडतो. बुधवारी त्यातलं ५५ लिटर वापरून २० टक्के बदला, उरलेलं गुरुवारपासून रोजच्या भरीला. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट: क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅम धरला तर ५५ लिटरला ०.४ ग्रॅम पुरतं. पाणी काढण्याआधी पंप बंद करा, टँकमधलं परतीचं पाणी खाली उतरू द्या, मग काढा.

हीटर संपाच्या मधल्या कप्प्यात, जिथली पातळी कधी हलत नाही. पंपाच्या कप्प्यात ठेवलात तर भर घालायची राहून गेली त्या दिवशी तो उघडा पडेल आणि काच तडकेल. डिसेंबर-जानेवारीसाठी ३०० वॉटचा एक घेण्यापेक्षा १५० चे दोन घ्या. एक अडकून चालूच राहिला तरी पाणी उकळणार नाही. सगळ्या जोडणीआधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोल घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटपर्यंत पोचत नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर साधा एसी पंप त्यावर गुणगुणतो आणि तापतो.

वजन: सहा टँक, पाणी, काच, रॅक मिळून चारशे किलोंच्या पुढे आताच आहे. संप भरून आणखी सव्वाशेच्या आसपास. घरातल्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलोंचा भार धरलेला असतो, तो पसरलेला. तुमचा सगळा भार जेमतेम पाऊण चौरस मीटरच्या पट्टीवर. तो बीमवर किंवा भिंतीलगत असेल तर ठीक, खोलीच्या मधोमध नको. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला दाखवा. रॅकच्या पायांखाली ६ मि.मी.ची लोखंडी पट्टी टाका, चार टोकांवर फरशी फुटते.

---

गप्पीचा_गोतावळा

ठरलं. चार टँक संपावर, निऑन आणि गोल्डफिश स्पंजवर, गोल्डफिशना मोठा टँक बघतो. शेवटचं एक: सगळं जोडून झाल्यावर मासे कधी सोडायचे?

---

पाइपवाले_काका

सॉल्व्हंट सिमेंट चोवीस तास वाळू द्या, मग नुसत्या पाण्यावर एक दिवस चालवा आणि ते पाणी फेकून द्या. नंतर जुन्या चारही हँगिंग फिल्टरचे स्पंज काढून संपाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. त्यांच्या जागी नवे स्पंज घालून ते फिल्टर टँकवर अजून चार आठवडे चालू ठेवा. एकदम बंद केले तर अमोनिया वाढणारच. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजा. काही दिसलं तर खाणं निम्म्यावर.

पण त्याआधी, मासे नसताना, मेन स्विच बंद करून बघा. दहा वेळा, वेगवेगळ्या वेळी, एकदा रात्रीही. पाणी संपात उतरून थांबलं की ती पातळी काठाच्या किमान एक इंच खाली हवी. नसेल तर संपातलं पाणी काढत जा आणि पुन्हा बंद करून बघा. जमलं की पंप चालू करा, पातळी स्थिर होऊ द्या आणि पंपाच्या कप्प्याच्या काचेवर बाहेरून लाल इन्सुलेशन टेपची पट्टी लावा. रोजची भर या पट्टीपर्यंतच. घरात दुसरं कुणी पाणी घालणार असेल तर त्यांनाही ती दाखवून ठेवा.